चुलीचं विचारलं, जळतणाचं राहिलं



आज चुलीचा इतिहास सांगायचा आहे. शाळेत आपल्याला लढायांचे सन पाठ करून घेतले. पण गेल्या सत्तर वर्षांत आपल्या स्वयंपाकघरात कोण कोण नवी चूल घेऊन आलं, ती कुणाला विचारून केली होती आणि पुढं तिचं काय झालं, याचा धडा कुठल्या पुस्तकात नव्हता. तो आपण आपला लावून घेऊ.

आत्ताच का? कारण नांदेड-लातूरकडं बचत गट आता गावोगाव झालेत, आणि गट आहे म्हटलं की वस्तू विकणारे दारात येतात. कुणी सोलरचा दिवा आणतं, कुणी पाण्याचा फिल्टर, कुणी पॅड, कुणी शेगडी. बोलणं बहुतेक वेळा एकाच चालीचं असतं. ताई, ही वस्तू खास बायकांसाठी आहे, बायकांना विचारून केलेली आहे, तुम्ही गटातून विका, तुम्हाला कमिशन मिळेल. यात खोटं असतंच असं नाही. पण "बायकांना विचारून केली" म्हणजे नेमकं काय विचारलं, हे आपण उलटून विचारत नाही. ते विचारायला शिकायचं असेल, तर चुलीची गोष्ट फार उपयोगाची आहे.

सुरुवात आपल्या मातीच्या चुलीपासून करू. ही चूल कुठल्या कारखान्यात झाली नाही. ती बाईनंच केली. माती, शेण आणि भुसा मळून तिनं ती हातानं थापली. चुलीचं तोंड केवढं ठेवायचं, हे घरात काय जळतं त्यावर ठरलं. किनवट-माहूरकडं रान आहे, तिथं लाकूड मिळायचं. लातूर-औशाकडं जंगल जवळजवळ नाहीच, तिथं तुराट्या, पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटं आणि गोवऱ्या. तुराटी भरकन पेटते आणि भरकन संपते, म्हणून ती एका हातानं सारत राहायची आणि दुसऱ्या हातानं भाकर थापायची. बाजूला वैल, त्यावर वरण किंवा पाणी तापत राहतं. भाकर तव्यावर एका बाजूनं भाजली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यासमोर उभी करायची, तिथं ती टम्म फुगते. बसून काम करायचं म्हणून उंची बेताची. चूल फुटली तर दुपारी लिंपून घ्यायची, पैसा लागत नाही.

म्हणजे या चुलीचं जळतण, भांडं, भाकर, दुरुस्ती, सगळं एकमेकांना धरून होतं. वाईट होता तो धूर. डोळे चुरचुरायचे, आढं काळं व्हायचं, मांडीवरचं लेकरू खोकायचं. आणि जळतण फार लागायचं; ते आणायला पाय आणि डोकं बाईचंच. धूर कमी करायचा आणि जळतण वाचवायचं, ही गरज खरी होती. पुढं जे जे आले ते या गरजेसाठीच आले, आणि त्यातल्या पुष्कळांचा हेतू चांगला होता.

पहिली बिनधुराची चूल आपल्या बाजूला फार लवकर आली होती. 1948 साली निजामाची राजवट संपली, तरी 1956 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. लातूर तेव्हा वेगळा जिल्हाही नव्हता, तो उस्मानाबादेत होता आणि 1982 मध्ये वेगळा झाला. त्या हैदराबादच्या सरकारी इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी एक चूल तयार केली. मातीचीच, पण बंद, एकाहून जास्त भांड्यांची, आणि धूर बाहेर काढायला धुराडं. 1953 साली त्यांनी तिच्यावर एक छोटं पुस्तकही काढलं, लाखो घरांत बिनधुराचं स्वयंपाकघर व्हावं म्हणून. इकडं वर्ध्याच्या मगनवाडीतून 'मगन चूल' निघाली होती. गावविकासाच्या योजना 1952 पासून सुरू झाल्या, तेव्हा अशा चुली ग्रामसेविका गावोगाव दाखवायच्या.

कल्पना चांगली होती आणि स्वस्तही होती. पण बंद चुलीत भाकर निखाऱ्याला कशी लावायची? मोठं पातेलं बसत नसेल आणि छोटं आत जात असेल तर काय करायचं? धुराडं काजळीनं तुंबलं तर ते साफ कोण करणार, आणि धाब्याच्या घराला मध्येच भोक पाडलं तर पावसाळ्यात पाणी कुठून येणार? हे प्रश्न प्रयोगशाळेत पडत नाहीत, ओट्यापाशी पडतात.

मग 1980च्या दशकात केंद्र सरकारनं हे काम मोठ्या प्रमाणावर हातात घेतलं. 1983 च्या सुमारास सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि 2002 पर्यंत चालला. देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. आकडा ऐकून छाती भरून येते. पण यात चुली मोजल्या गेल्या त्या बसवताना. वर्षभरानं ती पेटते की तिच्यावर डबे ठेवलेत, याची मोजणी तेवढ्या आस्थेनं झाली नाही. जिल्ह्याला उद्दिष्ट, तालुक्याला उद्दिष्ट, मार्चच्या आत पुरं करायचं. अनुदानातून आलेली चूल, घाईत बसवलेली, तिचं माप सरसकट सगळ्यांना एक. किनवटच्या लाकडालाही तीच आणि औशाच्या तुराटीलाही तीच. बऱ्याच घरांत बायकांनी काही दिवसांनी तिचं तोंड फोडून मोठं केलं, नाहीतर तिच्या शेजारी आपली जुनी चूल पुन्हा मांडली. तेव्हा साहेब लोक म्हणायचे, बायकांना सुधारणा नको असते. खरं तर त्या दुरुस्ती करत होत्या. चुलीत काय चुकलं हे त्या हातानं सांगत होत्या, ते कुणी लिहून घेतलं नाही.

त्याच काळात चीननंही सुधारित चुलींचं काम केलं. 1982 पासून दहा वर्षांत तिथं सुमारे 13 कोटी घरांत चुली बसल्या. तिथं सरकारचा वाटा थोडा असायचा, बराचसा खर्च घरवाले स्वतः करायचे. आणि जिथं जळतणाची खरी टंचाई होती अशा भागांपासून सुरुवात केली होती. पदरचे पैसे घालणारा माणूस चूल पारखून घेतो, आणि गरज असलेला ती वापरतो. फुकटची चूल मांडून ठेवायला काही जात नाही.

आपल्याकडंही काही जणांनी वेगळा रस्ता धरला. पुण्यात 1996 साली डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आरती' ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था सुरू केली. तिनं सुधारित चुलीचे साचे काढले. साचा हातात असला की गावातला कुंभार किंवा गावातलीच बाई चूल पाडू शकते, माप बिघडत नाही आणि चूल फुटली तर करणारं माणूस गावातच असतं. जळतणही तेच, आपल्या शेतातलं. ही चूल सगळा धूर घालवत नाही. पण तिच्यामागं रोज कुणाच्या गाडीची वाट बघावी लागत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता चुलीवरून थोडं भूकंपाकडं वळावं लागेल. कारण आपल्या भागात बायकांना विचारून काम करायचं, हे सरकारी पातळीवर मोठ्या प्रमाणावर घडलं ते भूकंपानंतर. आणि पुढची चूल ज्या बायकांच्या हातून आली, त्या त्याच कामातून तयार झाल्या होत्या.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी आणि आसपासचा सगळा भाग हादरला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, तेच अंगावर आलं. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. जास्त पडझड झालेली 52 गावं नव्या जागी वसवली. बाकीच्या गावांत घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती, ती जवळजवळ दोन लाख.

नवी 52 गावं कागदावर आखली गेली. सरळ रेघेत रस्ते, ते चांगले रुंद, चौकोनात घरं. घराचा आकार जमिनीवर ठरला: भूमिहीन आणि थोडी जमीन असणाऱ्यांना 250 चौरस फूट, मधल्यांना 400, मोठ्या शेतकऱ्यांना 750. घरं पक्की होती, पुन्हा भूकंप झाला तरी माणूस वाचेल अशी होती, आणि हे फार मोठं काम होतं, त्याला नाव ठेवायचं नाही. पण वाड्यातलं अंगण गेलं. अंगण म्हणजे बाईच्या कामाची जागा: तिथं धान्य निवडायचं, भांडी घासायची, पापड वाळवायचे, बाळंतिणीनं उन्हात बसायचं, शेजारणीशी बोलायचं. काँक्रीटच्या खोलीत चूल पेटवली तर धूर जाणार कुठं, आणि तुराट्यांची गंज लावायची कुठं? पुढच्या वर्षांत या घरांना लोकांनी पत्र्याच्या, कुडाच्या वाढीव खोल्या काढल्या. आराखड्यात जे सुटलं, ते त्यांनी आपल्या खर्चानं जोडून घेतलं.

दुरुस्तीच्या कामात मात्र एक वेगळी गोष्ट झाली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेला सरकारनं लोकसहभागाचं काम दिलं. लातूर आणि उस्मानाबादच्या हजाराहून जास्त गावांत महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. काम काय? घर दुरुस्तीचे हप्ते कसे मिळतात, ते घरोघर सांगायचं. भिंतीत आरपार जाणारे जोडदगड का घालायचे, माळवदावरची माती किती उतरवायची, कोपरे कसे बांधून घ्यायचे, हे समजून घ्यायचं आणि गवंडी ते करतो की नाही यावर नजर ठेवायची. ग्रामसभेत उभं राहायचं. ज्या बाईनं आजवर चावडीवर पाऊल ठेवलं नव्हतं, ती इंजिनिअरला विचारायला लागली, साहेब, इथं जोडदगड का नाही?

ही ताकद पुढंही टिकली. मंडळांतून बचत गट झाले, गटांतून कर्ज, कर्जातून धंदे. दहा-बारा वर्षांनी एक मोठी तेल कंपनी ग्रामीण घरांसाठी नवी शेगडी करायला निघाली, तेव्हा तिला अशाच जाळ्याची गरज होती.

ती कंपनी म्हणजे ब्रिटिश पेट्रोलियम, बीपी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडं भुशाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या शेगडीचं तंत्र होतं. कंपनीनं ते घेतलं आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत गावातल्या बायकांशी काम करणाऱ्या संस्थांना बरोबर घेतलं. आपल्याकडं ती स्वयम् शिक्षण प्रयोग होती. कंपनीची माणसं गावात येऊन बायका स्वयंपाक कसा करतात ते बघत बसली. गॅस आणि लाकूड दोन्हींवर चालणारी जोडशेगडीही करून पाहिली. नमुने घरांत दिले, बायकांनी त्यावर स्वयंपाक केला, काय जमलं नाही ते सांगितलं. त्यातून 2006 साली 'ऊर्जा' शेगडी बाजारात आली. सुरुवातीला किंमत साधारण 700 रुपये. गावोगावच्या सख्यांनी ती घरोघर जाऊन दाखवली आणि विकली.

शेगडी कशी होती, तेही सांगते. पत्र्याचं उभं भांडं, आत भट्टीची वीट, खाली छोटा पंखा. पंखा चार्जिंगच्या बॅटरीवर चालायचा. उसाच्या चिपाडाचा भुसा, भुईमुगाची टरफलं असला शेतातला माल दाबून केलेल्या कांड्या आत भरायच्या, वरून पेटवायच्या. पंख्यानं जाळ कमी-जास्त करता यायचा. एकदा भरली की साधारण तासभर चालायची आणि धूर फारच थोडा. तळही फार काळा होत नसे. उचलून अंगणात नेता यायची, घरात आणता यायची. आपल्या भागात तेव्हा भारनियमन तासन् तास असायचं, तरी बॅटरी भरून ठेवली की काम भागायचं. बायकांना विचारल्याचा हा फायदा होता, तो मान्य केला पाहिजे. काही वर्षांत चार लाखांहून जास्त शेगड्या घरांत गेल्या. अशा जातीची एवढी मोठी विक्री जगात दुसरीकडं झाली नव्हती.

आणि मग ती बंद पडत गेली. शेगडी नव्हे, तिचं जळतण.

झालं असं. शेगडी फक्त कांड्यांवर चालायची. तुराटी तिच्यात घालून चालत नव्हतं, गोवरीही नाही. कांड्या कारखान्यातून यायच्या, पोत्यातून, गाडीनं. कंपनीचा हिशेब असा होता की शेतातला टाकाऊ माल स्वस्तात मिळत राहील. पण मैत्रिणींनो, आपल्या शेतात टाकाऊ असं काय असतं? कडबा जनावराला, तुराटी चुलीला, भुसा गोठ्याला. उसाचं चिपाड साखर कारखाने स्वतःच्या बॉयलरला जाळतात, पुढं त्यातून वीज करून विकायला लागले. इतर कारखान्यांनाही असा माल हवाच होता. मागणी वाढली तसा माल महागला, वाहतूक महागली आणि कांड्यांचा दर चढत गेला. दूरच्या गावाला दोन-चार पोती पोचवणं परवडेना. 2009 साली बीपीनं हा धंदा सोडला आणि तो पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडं गेला. तिनंही पुढं घरांपेक्षा हॉटेलं आणि मोठी स्वयंपाकघरं, अशा गिऱ्हाइकांकडं मोर्चा वळवला.

नंतर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या 998 घरांची पाहणी केली. ज्यांनी ऊर्जा शेगडी विकत घेतली होती, त्या घरांपैकी 100 मागं फक्त 9 घरांत ती अजून वापरात होती. या पाहणीतून आणखी दोन गोष्टी दिसल्या आणि त्या आपल्या फार कामाच्या आहेत. पहिली, शेगडी सगळ्यात जास्त घेतली ती आधीच गॅस असलेल्या घरांनी, सिलिंडर पुरवून वापरता यावा म्हणून. दुसरी, धुरानं आजार होतात हा जो प्रचार केला होता, त्याचा खरेदीवर फारसा परिणाम झाला नाही. बायकांना धूर वाईट हे कळत नव्हतं असं नाही. ते त्यांच्या डोळ्यांना रोज कळत होतं. पण वस्तू घेताना त्यांनी महिन्याचा खर्च मोजला. शेगडी आणणाऱ्यांच्या मनात बाईची छाती होती, आणि बाईच्या मनात सिलिंडर किती दिवस जाईल हे होतं.

म्हणून मी म्हणते, चुलीचं विचारलं, जळतणाचं राहिलं. शेगडीची उंची, जाळ, भांडं, उचलायला कान, हे बायकांना विचारलं. पण कांडीचा दर कोण ठरवणार, तो वाढला तर काय, कांडी आपल्याच तालुक्यात करता येईल का, पंखा बिघडला तर कुणाकडं न्यायचा, यावरचा निर्णय त्यांच्या हातात नव्हता. वस्तू बाईच्या हाताच्या मापाची झाली, तिला लागणारा रोजचा पुरवठा मात्र दुसऱ्याच कुणाच्या हिशेबावर चालला.

तोटा कुणाचा झाला? कंपनीचा झाला, हे खरं. मोठा पैसा बुडाला. पण कंपनी धंदा सोडून दुसरीकडं जाऊ शकते. गावातली विकणारी बाई कुठं जाणार? तिनं शेगडी जावेला दिली, नणंदेला दिली, गटातल्या सावित्रीबाईला हप्त्यावर दिली असं धरा. कांड्या आल्या नाहीत की विचारायला येणार ते तिच्याच ओट्यावर. कंपनीचा पत्ता कुणाला माहीत नसतो. विकणारीचं घर सगळ्यांना माहीत असतं. तिनं विकलेली पहिली वस्तू अडगळीत पडली, तर दुसरी वस्तू चांगली असली तरी तिच्याकडून कुणी घेईल का? गटाची पत बँकेच्या पासबुकात जेवढी असते, त्याहून जास्त गल्लीतल्या शब्दात असते. ती एकदा गेली की परत जमवायला वर्षं जातात.

आता अगदी अलीकडचं. 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशात बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली. गॅसची जोडणी घरातल्या बाईच्या नावावर, ही यातली मोठी गोष्ट. 10 कोटींहून जास्त जोडण्या झाल्या. बटण फिरवलं की जाळ, धूर नाही, भांडी काळी नाहीत, पहाटेचा चहा दोन मिनिटांत. बाईला हवी तशी सोय याहून दुसरी कुठली? तरी 2023-24 साली उज्ज्वलाच्या घरांत सिलिंडर भरून घेण्याची सरासरी वर्षाला चारच्या आसपास होती. 14.2 किलोचा एक सिलिंडर पाच माणसांच्या घरात तीन महिने कसा जाईल? जात नाही. चहा गॅसवर होतो, आणि भाकरी, आंघोळीचं पाणी, पाहुण्यांचा स्वयंपाक पुन्हा तुराटीवर. शेगडी मिळाली, जळतणाचे पैसे मजुरीचा आठवडा झाल्यावरच मिळतात. भरून आणण्याची रक्कम एकदम हातात असावी लागते, आणि आपली कमाई येते थोडी थोडी. 5 किलोचा छोटा सिलिंडर योजनेत आहे, तो बऱ्याच जणींना ठाऊकही नसतो. 1953 ची चूल, 2006 ची शेगडी आणि 2016 चा गॅस, तिन्ही ठिकाणी प्रश्न घुटमळतो तो त्याच जागी.

मग आपण काय करायचं? नवी वस्तू नको म्हणायची का? मुळीच नाही. धूर खाऊन आपल्या आया-आज्यांचे डोळे गेले, ते आपल्या लेकींचे जायला नकोत. पण गटाच्या नावानं एखादी वस्तू घ्यायची किंवा विकायची ठरली, तर भूकंपानंतरच्या संवाद सहायकांसारखं विचारायला शिकू. जोडदगड दिसत नाही, तो भिंतीच्या आत असतो. पण भिंत उभी राहते ती त्याच्यावरच.

पहिलं विचारायचं ते वस्तूला रोज काय लागतं याबद्दल. दिव्याला बॅटरी, फिल्टरला कांडी, शेगडीला जळतण, पॅडच्या मशीनला कच्चा माल. ते कुठून येतं, आज काय दरानं येतं आणि दर वाढवायचा हक्क कुणाकडं आहे? आपल्याच गावात मिळणारं काही त्यात चालतं का?

दुसरं, बिघाडाबद्दल. दुरुस्त करणारं माणूस किती लांब? आपल्यातल्याच दोन मुलींना ते शिकवणार का? सुटे भाग तालुक्याला मिळतात का? उत्तर "फोन करा" एवढंच असेल, तर पावसाळ्यात फोन लागत नसला की काय, तेही विचारा.

तिसरं, पैशाबद्दल. आपली मिळकत आठवड्याच्या बाजाराला येते. वस्तूचा खर्चही तसाच, थोडा थोडा करता येईल का? एकदम हजार रुपये मागणारी वस्तू कितीही चांगली असली, तरी ती महिन्यातले वीस दिवस बंद राहील.

चौथं, आणि हे फार जणी विचारत नाहीत: धंदा बंद झाला तर? विकलेल्या वस्तूंचं काय, राहिलेल्या मालाचं काय, गटानं भरलेल्या अनामतीचं काय? हे तोंडी नको, कागदावर हवं, आणि कागद मराठीत हवा.

आणि नमुना वापरून बघायला दिला, तर तो एक आठवडा वापरू नका. एक पावसाळा वापरा. सुगीत वापरा, जेव्हा पहाटे चारला भाकरी लागतात. लग्नघरात वापरा. म्हातारीला वापरायला द्या, सुनेला द्या. आणि काय जमलं नाही ते गटाच्या रजिस्टरात तारखेसकट लिहून ठेवा. 1980 च्या चुलीचं तोंड ज्यांनी फोडलं, त्यांच्याकडं सांगायला खूप होतं. लिहिलेलं मात्र कुठंच राहिलं नाही. तुमचं लिहिलेलं राहील. पुढची कंपनी किंवा पुढची योजना दारात आली, की ते रजिस्टर तिच्यापुढं उघडून ठेवता येईल.

या महिन्याच्या बैठकीत एक काम करून बघा. प्रत्येकीनं आपल्या घरातली एक बंद पडलेली वस्तू आठवायची. शेगडी, दिवा, फिल्टर, शिलाई मशीन, काहीही. ती का बंद पडली, एवढंच सांगायचं. कुणाची चूक ते नको, कारण काय ते हवं. दहा-पंधरा जणींनी सांगितलं की तुमचं तुम्हालाच दिसेल, किती वस्तू स्वतः वाईट होत्या आणि किती जळतणावाचून विझल्या. जे निघेल ते आम्हाला केंद्रावर कळवा. पुढच्या भागात ते वाचून दाखवू.